सव्वा किलोचा प्रसाद

चौथ्या दिवशी शेजारच्या गोविंदरावांच्या गाईनंही तोंड फिरवलं. पहिले तीन दिवस तिनं माझा शिरा खाल्ला होता, एकदा तर ताटलीसुद्धा चाटली होती. चौथ्या दिवशी मात्र तिनं नुसतं हुंगलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवून ती गोठ्याच्या भिंतीकडे बघत उभी राहिली. मी ताटली घेऊन परत आलो. द्वारका, माझी बायको, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. तिनं भरल्या ताटलीकडे पाहिलं, पण गाईचं काही विचारलं नाही.

"रवा काढा," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून."

आम्ही बार्शीला राहायचो. वजनमापं तपासायची माझी सरकारी नोकरी. दिवसभर दुकानदारांचे तराजू तपासायचे, कुणाच्या पारड्याखाली मेण चिकटवलंय ते खरवडून काढायचं, किलोला किलो भरतोय की नाही ते बघायचं. इतकं खरं दिवसभर हाताळलं की संध्याकाळी माणसाला थोडी मोकळीक लागते. चावडीसमोरच्या पारावर बसलो की माझं माप सुटायचं. भीमेच्या पुरात मी धान्याच्या काट्यावर बसून पलीकडच्या काठाला लागलो होतो, ही गोष्ट बार्शीत अजून कुणी सांगत असेल तर ती माझी. लोक हसायचे, कुणाचं काही जात नव्हतं.

एकदाच गेलं. कुंदा आमची एकुलती एक. तिच्या लग्नाची बोलणी करायला लातूरहून मुलाचे वडील भगवंतराव आणि आई सरलाबाई आले होते. द्वारकेनं शिरा केला होता. सरलाबाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि विचारलं, हा कुणाच्या हातचा. मी तोंड उघडलं आणि आतून "माझ्या" असा शब्द बाहेर पडला. का पडला ते मला आजही सांगता येणार नाही. एकदा पडल्यावर मात्र मी त्याला एकट्याला सोडलं नाही. तरुणपणी एका संस्थानाच्या मुदपाकखान्यात मी दोन वर्षं उमेदवारी केली, तिथल्या एका डोळ्यानं अधू असलेल्या बल्लवानं मला हा शिरा शिकवला, राजेसाहेब आजारी पडले की औषधाऐवजी हाच मागायचे, असं बरंच काही सांगितलं. खरं म्हणजे मला चहासुद्धा करता येत नव्हता. द्वारका पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं, तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. लग्न ठरलं.

लग्नाला पाच महिने झाले आणि कुंदाचं पत्र आलं. आमच्या घरी सत्यनारायण करायचं ठरलेलंच होतं, मुलगी-जावई आणि व्याही येणार होते. आदल्याच आठवड्यात द्वारका मोरीत पाय घसरून पडली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं, म्हणून पूजा पुढे ढकलावी का, असं मी विचारलं होतं. कुंदानं लिहिलं होतं, ढकलू नका. सासूबाई म्हणतात, तुझ्या वडिलांच्या शिऱ्याचं आता प्रत्यक्षच बघू, का ऐन वेळी काहीतरी निघणार? आता हात मोडल्याचं सांगितलं तर त्यांना ते निमित्तच वाटेल. पुढे लिहिलं होतं, "बाबा, इथे तुमच्या गोष्टी सगळ्यांच्या तोंडी झाल्यात. भीमेचा पूर वगैरे. हसतात, त्याचं काही नाही. पण मी साखर संपली म्हणाले तरी सासूबाई डब्याचं झाकण उघडून बघतात. माझं डोकं दुखतं म्हणाले तर कपाळाला हात लावून बघतात. एवढी एक गोष्ट तुमची खरी निघू दे."

पत्र द्वारकेनं मला दोनदा वाचायला लावलं.

शेजारच्या एखाद्या बाईनं गुपचूप शिरा करून दिला असता, हे मीही सुचवून पाहिलं. पण सरलाबाई चुलीपाशी बसून बघणार होत्या, तसा निरोपच होता. आणि द्वारका स्वतः करेल म्हणावं तर धुंडिराजगुरुजींनी आधीच सांगून टाकलं होतं की प्लास्टरवर पाणी घेता येत नाही, म्हणजे त्या हाताचं स्नान नाही, म्हणजे सोवळं नाही. त्या हातानं नैवेद्याला शिवायचं नाही. उंबऱ्याबाहेर बसा, पूजेला यजमानांच्या हाताला डावा हात लावा, तेवढं पुरे.

म्हणून मग शिकवणी. सकाळी कचेरीत जायच्या आधी एक घाणा, संध्याकाळी आल्यावर एक. पारावर जाणं बंद. पहिल्या दिवशी रवा करपला. दुसऱ्या दिवशी न करपण्याच्या भीतीनं कच्चा राहिला. तिसऱ्या दिवशी दूध गार घातलं आणि गोळ्या झाल्या, लहान मुलांना खेळायला देता येतील अशा. आम्ही दोन्ही वेळा जेवणाऐवजी शिराच खात होतो, उरला तो गाईला. रवा वाया घालवणं तिच्या जिवावर यायचं. द्वारका डाव्या हातानं चमचा धरून एक एक घास चावायची आणि काय चुकलं ते सांगायची. न रागावता सांगायची, त्याचाच मला जास्त ताण यायचा.

"रंगाकडे बघू नका," ती सांगायची. "रंग बदलायच्या आधी वास बदलतो. तो आला की उकळतं दूध. मग झाकण. रवा दूध पिऊन फुलला की मगच साखर. साखर आधी पडली तर रवा तोंड मिटून बसतो, मग कितीही दूध ओता, दाणा दाणाच राहतो. एवढं एक विसरू नका."

मी म्हणालो, नाही विसरत. आणि गंमत म्हणून सांगायला लागलो की मुदपाकखान्यात तो एका डोळ्याचा बल्लव काय करायचा. तिनं मला थांबवलं.

"मी थकलेय हो," ती म्हणाली. "हात दुखतो म्हणून नाही. तुमच्या बोलण्याला पुरं पडता पडता थकलेय."

मग पाटावरच भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले. शेगडीवर रवा होता, म्हणून मला तिथून उठताही येईना. मी परतत राहिलो.

पाचव्या दिवशी, म्हणजे पूजेच्या आदल्या संध्याकाळी, शिरा जमला. खरंच जमला. रवा मोत्यासारखा फुलला, तूप कडेनं सुटलं, वास गोविंदरावांच्या ओसरीपर्यंत गेला. द्वारकेनं एक चमचा खाल्ला, मग आणखी एक. म्हणाली, "झालं. आता उद्या एकच करा. करताना बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मंडळी आली. कुंदा थोडी वाळली होती. आल्याबरोबर तिनं आईचा हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि मी डोळ्यांनीच तिला सांगितलं की काळजी करू नकोस. माझ्या डोळ्यांवर तिचा किती भरवसा होता कुणास ठाऊक. भगवंतराव जावयाबरोबर पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसले. सरलाबाई हातपाय धुऊन थेट उंबऱ्याशी आल्या, द्वारकेच्या शेजारी पाट मांडून बसल्या. कुंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी स्नान करून सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून शेगडीपुढे बसलो. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप. वजन माझ्या स्वतःच्या काट्यावर केलेलं, त्यात गुंजभराचाही फरक नव्हता. बाजूला पातेल्यात दूध उकळत होतं. मी रवा तुपात सोडला आणि तोंड मिटून परतायला लागलो.

सरलाबाई बाई म्हणून चांगल्या होत्या. आजही म्हणेन. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघायची सवय होती. त्या आधी गप्प बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, हात चांगला चालतोय व्याहीबुवांचा. मी मान हलवली. म्हणाल्या, मुदपाकखान्यात एवढ्या मोठ्या कढया असतील ना. मी पुन्हा मान हलवली. म्हणाल्या, व्याहीबुवा आज गप्प गप्प, तब्येत बरी आहे ना? द्वारका म्हणाली, नैवेद्य करताना ते बोलत नाहीत. तिनं किती छान सांभाळलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

पण नुसती मान हलवून हलवून मी कंटाळलो होतो. रवा सुरेख भाजला जात होता, वास येऊ लागला होता, पाच दिवसांच्या शिक्षेनंतर माझा मलाच अभिमान वाटत होता. आणि तेवढ्यात सरलाबाईंनी विचारलं, "आमच्याकडे आधी दूध घालतात, रवा फुलला की साखर. तुमचं त्याहून काय निराळं?"

काहीच निराळं नाही, अगदी तसंच, एवढंच म्हणायचं होतं. पण एका डोळ्याच्या बल्लवाकडे दोन वर्षं उमेदवारी केलेला माणूस, राजेसाहेबांना औषधाऐवजी शिरा देणारा माणूस, लातूरच्या विहीणबाईंसारखाच शिरा करतो असं कसं म्हणणार?

"तीच तर खुबी आहे," मी म्हणालो. "आमची साखर आधी."

म्हणालो, आणि त्या माझ्या हाताकडे बघायला लागल्या. आता त्या हाताला दुसरं काही करताच येईना. त्यानं साखरेची परात उचलली आणि कढईत उलटी केली.

"अहो," द्वारका म्हणाली, आणि तिथेच थांबली.

साखर वितळून रव्याला चिकटली. मी दूध ओतलं. झाकण ठेवलं. झाकण काढलं. पुन्हा दूध ओतलं. मग केळी कुस्करून घातली, वेलची घातली, केशर घातलं, जे होतं ते सगळं घातलं. वरून शिरा दिसायला अगदी देखणा झाला. सरलाबाई म्हणाल्या, रंग तर छान आलाय. कुंदाला आईचं तोंड दिसत होतं, त्यामुळे तिला सगळं कळलं. ती चौकट सोडून बाहेर निघून गेली.

नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नसतो, म्हणून मला काही तासांची आशा होती. पूजा चालू असताना मी सत्यनारायणाला एवढंच मागत होतो की झाकणाखाली रवा फुलू दे. कथेत साधुवाण्याच्या नौकेतल्या धनाची पानं-वेली झाली ते गुरुजी सांगत होते, तेव्हा मला वाटलं, मग दगडाचा शिरा व्हायला काय हरकत आहे. द्वारकेचा डावा हात माझ्या हाताला लागलेला होता. मध्ये एकदा ती कापूर आणायला म्हणून उठून आत गेली आणि लगेच परत आली.

आरती झाली. द्रोणांतून प्रसाद वाटला. पुढच्या खोलीत पंधरा-वीस माणसं होती, शेजारपाजारची. भगवंतरावांनी प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकला. त्यांच्या तोंडातून आवाज आला. मी अतिशयोक्ती करत नाही. माझी अतिशयोक्ती तुम्ही आत्तापर्यंत ओळखायला लागला असाल, ही ती नव्हे. वाळूवरून चप्पल घासत जावी तसा आवाज आला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून आला. मग सगळ्या खोलीतून. प्रसाद टाकता येत नाही, नावं ठेवता येत नाहीत. सगळे जण खाली मान घालून चावत होते.

सरलाबाईंनी घास गिळला. मग कुंदाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"हाच का गं तो?" त्यांनी विचारलं. "मुदपाकखान्यातला?"

कुंदा पदराचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. माझ्याकडे तोवर चार-पाच थापा तयार होत्या, रवा जुना निघाला, दूध नासकं होतं, कोळसा ओला होता. पण बाईंनी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून काहीच बाहेर पडलं नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

तेव्हा द्वारका बोलली. मोठ्यानं नाही, पण खोली गप्प असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"ह्यांचा काही दोष नाही, विहीणबाई. मगाशी कापूर आणायला आत गेले ना, तेव्हा झाकण काढून बघितलं. मला पातळ वाटला. ह्यांना विचारायचं सोडून मी वरून दोन मुठी कच्चा रवा घालून ढवळलं. डाव्या हातानं. तोच लागतोय दाताला."

ती काय बोलत होती हे लक्षात यायला मला वेळ लागला. गुरुजींना लगेच कळलं. सोवळं नाही, प्लास्टर घातलेली बाई, डावा हात, आणि तोही नैवेद्य दाखवायच्या आधी. ते पाटावरून उठले. भरल्या घरात ते तिला काय काय बोलले ते मी लिहीत नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. त्याच बायकांच्या घरी पंचवीस वर्षं प्रत्येक पूजेचा प्रसाद द्वारकेनं केला होता.

सरलाबाईंनी शेवटी गुरुजींना आवरलं. म्हणाल्या, "असू द्या गुरुजी. हात मोडला की माणसाला धीर राहत नाही." मग द्वारकेला म्हणाल्या, "पण तुम्हाला त्यांच्या हातावर विश्वास नको का हो? चांगला केलेला घालवलात."

"चुकलं," द्वारका म्हणाली.

कुंदानं एक पाऊल पुढे टाकलं. द्वारकेनं मान न उचलता नुसता प्लास्टरचा हात थोडा हलवला, आणि पोर जागच्या जागी उभी राहिली.

आणि मी काय केलं? मला वाटलं, ही एवढं बोलतेय तर आपणही हातभार लावावा. मी दुःखी चेहरा केला आणि जाहीर करून टाकलं की आजपासून मी शिऱ्याच्या कालथ्याला हात लावणार नाही. सगळे हळहळले. सरलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं, कारण पुन्हा कधी कुणी करून दाखव म्हणणार नव्हतं.

संध्याकाळी मंडळी गेल्यावर मी द्वारकेला विचारलं, हे कशाला केलंस. ती भांड्यांकडे बघत होती, पण तिला घासता येत नव्हती.

"मला वेंधळी म्हणतील. म्हणू देत," ती म्हणाली. "तिला तिथे दिवस काढायचेत." मग म्हणाली, "मला जरा पडू द्या आता."

मी भांडी घासली.

कुंदाची पत्रं त्यानंतर बदलली. सासूबाई आता डब्याचं झाकण उघडत नाहीत. उलट तिजोरीची किल्ली तिच्याकडे आली. हिचे वडील बोलतात तसं करतात हो, असं त्या सगळ्यांना सांगायच्या, आणि भीमेच्या पुराची गोष्टही तिकडे खरी धरली गेली, ते जरा जास्तच झालं. द्वारकेच्या बाबतीतही त्या पूजेच्या दिवशी ऐकलेलं विसरल्या नाहीत. आम्ही लातूरला गेलो की त्या द्वारकेला स्वयंपाकघरात येऊच द्यायच्या नाहीत. अगदी प्रेमानं. "तुम्ही बसा, विहीणबाई, तुमचा हात दुखतो." मनगट सहा आठवड्यांत बरं झालं होतं. नातवाच्या बारशाला पुढच्या खोलीत पाहुण्यासारखी बसून तिनं दिवसभर फुलांच्या पाकळ्या निवडल्या. आतून कढईचा आवाज आला की तिचं बोट थांबायचं. मी ते बघायचो आणि कुणालातरी गोष्ट सांगायला लागायचो. असं एकोणीस वर्षं.

द्वारका गेली तेव्हा चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण घालायला लातूरची मंडळी बार्शीला आली. सरलाबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. येताना त्यांनी रवा, साखर, तूप सगळं आणलं होतं, आणि कुंदानं शिरा केला. पाच-सहाच माणसं होतो. सगळ्यांनी खाल्ला. सरलाबाईंनी दुसरा घास घेतला आणि म्हणाल्या, "बोलणी करायला आलो होतो तेव्हा खाल्लेली चव. अगदी तीच. वडिलांचा हात आलाय पोरीत."

मी ताट बाजूला सरकवलं.

"माझा नव्हे," मी म्हणालो. "तो शिरा तिचा होता. आधीचे सगळे तिचे होते. त्या पूजेच्या दिवशीचा तेवढा माझा. तिनं झाकणही काढलं नव्हतं."

मग भगवंतरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सरलाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"जन्मभर नको त्या थापा मारल्यात, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "ही तेवढी चांगली मारलीत. ऐकायला विहीणबाई हव्या होत्या."

मी काय करणार? शपथ घेतली असती तर तीही माझीच शपथ. मी कुंदाकडे पाहिलं. ती पातेल्याशी उभी होती.

"थाप नाही ती, सासूबाई," ती म्हणाली.

कुंदा म्हणाली म्हणजे खरं, अशी त्या घराची रीत होऊन बरीच वर्षं झाली होती. सरलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. घास हातातच होता. तो त्यांनी हळूच ताटात परत ठेवला.

"मग माझ्याकडे येऊन," त्या म्हणाल्या, "त्या इतकी वर्षं नुसत्या बसल्या होत्या?"

भगवंतरावांनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला. कुंदानं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि सगळ्यांना पाणी वाढलं.